हे अंग कुणाचं?

मित्रांनो, एक प्रश्न विचारतो. ज्याच्या डोक्यात आजार शिरलाय, त्याला व्यायामाची गरज असते का?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. गिरणीत विचारला, वस्तीत विचारला, आपल्या बैठकीला येणाऱ्या पोरांनाही विचारला. उत्तरं तीनच मिळाली. एक : 'येड्याला तालीम शिकवतो का? आधीच आवरत न्हाई, अंगात रग भरल्यावर धरणार कोण?' दुसरं : 'व्यायाम ढेरपोट्यांनी करावा. आपल्या लोकांचं अंग जन्मापासनं झिजतंय. त्येला आणि येगळा व्यायाम कशाला?' तिसरं : 'उसाच्या फडात घाला, आठ दिसात खूळ उतरतंय.'

पहिल्या उत्तरात भीती आहे. दुसऱ्यात टिंगल आहे. तिसऱ्यात जुंपायची भाषा आहे. उत्तरं देणारी माणसं वाईट नाहीत. वेळेला धावून येणारी आहेत. पण ही उत्तरं त्यांची स्वतःची नाहीत. ती त्यांच्या तोंडात आधीच कुणीतरी ठेवलीत. ती तपासायची म्हणून हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, कविता लिहितो. जे सांगतो ते वाचून, विचारून आणि घरात बघून सांगतो.

घरात म्हणजे लासुर्ण्यात. माझा चुलतभाऊ आहे, मी त्याला दादा म्हणतो. पंचविशीच्या आत त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीआडनं कुणी शिव्या देतंय, कुणी नाव घेऊन हाका मारतंय. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. आधी देवऋषी झाला, मग उशिरा डॉक्टर झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज बसले. ही गोष्ट मोठी आहे, मी ती लहान करणार नाही. पण गोळ्यांबरोबर दादाही बसला. खाटेवर बसला तो बसलाच. दोन वर्षांत अंग सुटलं, धाप लागायला लागली, पुढं साखर निघाली. चुलती एकदा म्हणाली, 'पोरगं बरं झालं म्हंत्यात सगळी. पन हाय कुठं ते?'

त्या बाईच्या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. आजार आटोक्यात आणला म्हणजे माणूस परत आणला का?

आता थोडं कोरडं सांगतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात. स्किझोफ्रेनिया, मनाला एकदा आभाळात आणि एकदा पाताळात नेणारा बायपोलर, तीव्र नैराश्य, हे ते आजार. आपल्याला वाटतं ही माणसं विहीर जवळ करून मरतात. तसंही मरतात, ते खोटं नाही. पण जास्त मरणं हृदयाच्या, फुफ्फुसाच्या, साखरेच्या दुखण्यानं होतात. म्हणजे ज्या दुखण्यानं कुणाचाही बाप म्हातारपणी मरतो, त्याच दुखण्यानं ही माणसं भर वयात मरतात. वेडानं मरत नाहीत. वेड्याकडं दुसरं काही दुखत असेल असं कुणी धरतच नाही, म्हणून मरतात.

कारणं गुपित नाहीत. ओलॅन्झापिन, क्लोझापिन यांसारख्या गोळ्या भूक वाढवतात, वजन वाढवतात, रक्तातली साखर बिघडवतात. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनी अंग ताठरतं, हात कापतात, चाल बदलते. आजारच असा की माणूस घराबाहेर पडत नाही. बिडी-तंबाखू हीच सोबत. त्यात गरिबी, म्हणजे भाकरी-भात पोटभर आणि डाळ-भाजी नावाला. आणि यावर दवाखाना. दादा एका दवाखान्यात छातीत दुखतंय म्हणून सांगायला गेला. कागदावरचं आजाराचं नाव वाचून डॉक्टर म्हणाला, हे तुझ्या मनातलं आहे. जातीचं नाव ऐकून पाणी वरनं ओतणारा आणि आजाराचं नाव वाचून छातीला नळी न लावणारा, दोघांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघंही समोरच्या माणसाला बघायच्या आधी त्याचं नाव बघतात.

इथं कुणी चुकीचं ऐकू नये. गोळ्या बंद करा असं मी म्हणत नाही. गोळी बंद केली की आवाज परत येतात, आणि ते आले की काय होतं ते आम्ही बघितलंय. गोळीबदल डॉक्टरला विचारून. माझं म्हणणं एवढंच की गोळी मनाचं बघते, अंगाचं बघायला दुसरं कुणी लागतं. त्या दुसऱ्यात एक आहे चालणं, फिरणं, खेळणं, अंग हलवणं. आणि म्हणूनच ती तीन उत्तरं एकेक घेतो.

तिसऱ्यापासनं सुरू करतो, कारण आपल्या लोकांत तेच जास्त चालतं. 'कामाला लाव, खूळ उतरंल.' मेहनत आणि व्यायाम एकच, असं हे उत्तर धरून चालतं. दुसरं उत्तरही तेच धरून चालतं : आपण राबतो, मग व्यायाम झालाच की.

झाला का? मी एका पाळीत रिंगफ्रेमच्या या टोकापासनं त्या टोकाला किती फेऱ्या घालतो, ते कुणी मोजलेलं नाही. धागा तुटला की जोडायचा, परत पुढं. पाय माझे चालतात, पण चालणं मशीनचं असतं. मशीन थांबलं तर मी थांबतो. मी थांबलो म्हणून मशीन थांबत नाही. पाळी सुटल्यावर छाती मोकळी होते का? कापसाची किटाळ आणि पिंढऱ्यांचे गोळे घेऊन मी घरी येतो.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. डेन्मार्कमध्ये १,०४,०४६ माणसांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली छापून आला. फावल्या वेळात जे अंग हलवतात त्यांच्यात हृदयविकार कमी आणि मरणही कमी. कामावर जे जास्त अंगमेहनत करतात त्यांच्यात दोन्ही जास्त. अंग तेच, हाडं तीच, घाम तोच. मग फरक कुठं पडतो? अभ्यास करणारे सांगतात : कामावरची मेहनत तास न् तास चालते, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, मधे सावरायला विसावा मिळत नाही, आणि वजन उचलून, वाकून, एकाच जागी ताटकळून हृदय बळकट होत नाही. मी माझ्या भाषेत सांगतो : व्यायामात दम लागला की माणूस थांबतो. कामात दम लागला की मुकादम बघतो.

म्हणजे मेहनत आणि व्यायाम यांच्यात फरक घामाचा नाही, मालकीचा आहे. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे ज्याच्या हातात, त्याचं ते अंग.

आता आपल्या पूर्वजांचं अंग कुणाच्या हातात होतं ते आठवा. गावाचा सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची खबर कोस-कोस चालत पोचवायची, सरकारी अंमलदाराचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं. त्याला वतन म्हणायचे. १९५८ च्या कायद्यानं ते वतन संपलं. तोवर आमच्या आज्या-पणज्याएवढा कुणी चालला नसेल, कुणी पळाला नसेल. त्यांच्या चालण्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. आणि ज्या तालमीत व्यायाम व्हायचा तिच्या चौकटीवर मारुती बसलेला. गावोगाव आमच्या पोरांना लाल माती लांबनंच दिसायची. मेहनत आमच्या वाट्याला, व्यायाम त्यांच्या वाट्याला. ही वाटणी कुठल्या निसर्गानं केलेली नाही.

वेड्यांच्या इस्पितळातही हीच वाटणी होती. इंग्रजी राज्यात देशी रुग्णांना बागेत, मागावर, घाण्यावर राबवायचे. त्याला उपचार म्हणायचे, आणि इस्पितळाचा खर्चही त्यातनं भागवायचे. गोऱ्या रुग्णांसाठी रांचीला १९१८ साली वेगळं इस्पितळ उघडलं. तिथं खेळ आणि करमणूक हासुद्धा उपचाराचा भाग होता. वेड तेच, पण एकाला खेळ आणि दुसऱ्याला काम.

१९१२ चा वेड्यांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. १९८७ चा नवा कायदा १९९३ साली अमलात आला तेव्हा तो गेला. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासनं लागू झाला. त्याचं कलम २० प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. इस्पितळात रुग्णाला जबरदस्तीनं कामाला लावता येणार नाही, त्यानं काम केलं तर मोबदला द्यावा लागेल, आणि विरंगुळ्याची, करमणुकीची सोय त्याला असली पाहिजे. काम आणि विरंगुळा यांच्यात कायद्यानं रेघ ओढली. ती रेघ आपल्या घरात आणि उसाच्या फडातही ओढली पाहिजे. दादाला फडात घाला म्हणणारा त्याला बरं करायला निघालेला नसतो. फुकटचा कोयता मिळाला तर बघायला निघालेला असतो.

दादानं काम करूच नये असं मी म्हणत नाही. झेपेल ते काम, त्याच्या मर्जीनं आणि पुऱ्या मजुरीनं मिळालं तर त्यासारखं औषध नाही. पण काम हे काम म्हणून द्या. औषध म्हणून देऊन मजुरी खिशात घालू नका.

आता एक गोष्ट जिच्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. आळस. 'त्याला कायबी झालं नाही, आळशी झालाय. आयतं खायाची सवय.' मित्रांनो, हा शब्द ओळखीचा वाटत नाही का? आळशी, घाणेरडे, फुकटे. फी माफ झाली की हा शब्द, नोकरी लागली की हा शब्द. हा शब्द आपल्यावर कसा फेकला जातो ते आपल्याला पाठ आहे. तोच शब्द आपण आपल्या घरातल्या आजारी माणसावर फेकतो.

स्किझोफ्रेनियात आवाज आणि संशय ही दिसणारी बाजू. दुसरी बाजू दिसत नाही. उत्साह आटतो, इच्छा आटते, चेहऱ्यावरचा भाव जातो, बोलणं कमी होतं. तांब्या समोर असतो, तहान असते, आणि हात उचलायचा म्हणजे डोंगर उचलायचा असतो. हे आजाराचंच लक्षण आहे. गोळ्या आवाजावर जितक्या चालतात तितक्या या बाजूवर चालत नाहीत. वर गोळ्यांची गुंगी. अशा माणसाला आळशी म्हणणं म्हणजे लंगड्याला सावकाश चालतोस म्हणून दटावणं.

म्हणजे बघा कसा पेच पडतो. अंग हलवायची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्याचीच ते हलवायची इच्छा आजारानं खाल्लेली. मग करायचं काय? ओढून न्यायचं?

इथं पहिल्या उत्तराची भीती मदतीला येते. भीतीला ओढणं फार आवडतं. ओढा, बांधा, डांबा. खरी गोष्ट अशी की मानसिक आजार असलेला माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा मार खातो. पण भीतीला हिशेब कळत नाही. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळ मनोरुग्णांचं एक खाजगी आश्रयस्थान होतं. रुग्णांना तिथं साखळीनं बांधून ठेवायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झापाच्या छपराला आग लागली. बांधलेली माणसं पळणार कशी? २८ माणसं मेली. अंग हलवता येणं हा जगण्याचा प्रश्न कसा असतो, ते मी एरवाडीवरनं शिकलो. पायात साखळी नसणं हा पहिला व्यायाम.

आपल्या राज्यात भूत काढायच्या नावाखाली माणसाला दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झिजलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, तेव्हा कुठं सरकारला वटहुकूम काढायची जाग आली. २०१७ च्या कायद्याचं कलम ९५ सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही रीतीनं साखळीनं बांधायचं नाही. हे दोन्ही कायदे वस्तीच्या फलकावर लिहून ठेवावेत असे आहेत.

पण कायदा बांधू नका एवढंच सांगतो. उठवायचं कसं ते सांगत नाही. 'सकाळी पाचला उठ, शंभर उठाबशा काढ' असं दटावून जो व्यायाम होतो तो साखळीचाच चुलता. उठाबशा, कोंबडा, मैदानाला फेऱ्या, या आपल्या पोरांना शाळेत शिक्षा म्हणून मिळाल्या. अंग हलवणं म्हणजे अपमान, हे आपल्या अंगाला लहानपणीच शिकवलं गेलं. ती शिक्षा आजाऱ्याला औषध म्हणून द्यायची?

मग उलट बाजूचे सुशिक्षित मित्र म्हणतात, 'त्याची मर्जी. त्याला बसायचंय तर बसू द्या. स्वातंत्र्य आहे.' हे ऐकायला चांगलं वाटतं. पण जरा खरवडा. ज्याची इच्छाच आजारी आहे, त्याच्या 'नको'ला स्वातंत्र्य म्हणून आपण मोकळं व्हायचं, म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या नावावर लिहायची. गावानंही आपल्याला असंच स्वातंत्र्य दिलं होतं. गावकुसाबाहेर राहायचं स्वातंत्र्य. टाकून देणं आणि मोकळं सोडणं यांत फरक करता आला नाही, तर आपण चळवळ कसली करतो?

मला जे उत्तर सापडलं ते मोठं नाही. इच्छा म्हणजे विजेचं बटण नव्हे, चालू नाहीतर बंद असं. तो दिवा आहे, वात खाली गेलेला. आजारी माणसाच्या 'नको'मध्ये पुष्कळ 'नको' असतात. धावायला नको, लोकांसमोर नको, आत्ता नको, तुझ्याबरोबर नको. कुठलं 'नको' आहे ते विचारावं लागतं. २०१७ च्या कायद्याचं कलम ४ हेच धरून चालतं. आजार आहे म्हणून निर्णयाची ताकद नाही असं मानायचं नाही. समजावून सांगितलं, आधार दिला, तर माणूस आपला निर्णय घेऊ शकतो. म्हणून आम्ही विचारतो. 'दादा, कालव्यापर्यंत येतोस का?' तो नाही म्हणाला तर नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारतो. रोज विचारायचं आणि रोजचं 'नाही' ऐकून घ्यायचं, याला ओढण्यापेक्षा जास्त ताकद लागते. पहिले कितीतरी दिवस तो उंबऱ्यापर्यंतच आला. मग चावडीपर्यंत. मग नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर. तिथं तो पाण्याकडं बघत उभा राहतो आणि मी घाई करत नाही. हुकूम द्यायला एक तोंड पुरतं. सोबत करायला माणसाचा रोजचा अर्धा तास लागतो. व्यवस्थेकडं हुकूम भरपूर आहेत, अर्धा तास नाही.

सोबत का, त्याचं आणखी एक कारण आहे. रस्ता सगळ्यांचा नसतो. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी आमच्याच रस्त्यानं जाते. बेलवाडीला रिंगण होतं, मग लासुर्णे, पुढं अंथुर्णे, निमगाव केतकी. लाखो पाय चालतात, नाचतात, धावतात, आणि गाव त्यांना पाणी देतं. बाकीच्या अकरा महिन्यांत त्याच रस्त्यावर एखादा दाढी वाढलेला माणूस स्वतःशी बोलत एकटा चालला, तर पोरं दगड उचलतात आणि मोठी माणसं संशय घेतात. अनोळखी गरिबाचं नुसतं चालणं किती महाग पडतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला दिसलं. मुलं पळवणारे असल्याच्या अफवेवरनं भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्या पाचांना कसला आजार नव्हता. ते फक्त परके होते, गरीब होते आणि पायी होते. आजारी माणूस आपल्याच गावात परका असतो. त्याच्याबरोबर गावातलं एक माणूस चाललं की तो रस्ता थोडा त्याचाही होतो.

आणि बाईचं काय? आजारी बाप्या निदान पारावर बसतो. आजारी बाईला अंधारी खोली. ती बाहेर पडली तर अब्रू, गेली तर सुटका. तिचं वजन वाढलं तर नवरा टाकतो, टाकली की आजार वाढतो. बायांनी मिळून पहाटे किंवा दिवेलागणीला वस्तीभोवती चालायचं आणि तिला मधे घ्यायचं, हे काम आपल्या महिला कार्यकर्त्यांशिवाय कुणी करणार नाही.

आता कुणी विचारेल, चालून होतं तरी काय? जे होतं तेच सांगतो, वाढवून नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या ६१ रुग्णांवर प्रयोग झाला, २००७ साली छापून आला. गोळ्या चालू ठेवून काहींना योगासनं, काहींना साधा व्यायाम, असं चार महिने. आसनं करणाऱ्यांत जास्त सुधारणा दिसली, इच्छा आटण्याच्या लक्षणांतसुद्धा. युरोपातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की गंभीर मानसिक आजारात व्यायाम हा उपचाराचा भाग मानावा, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावा, आणि तो जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावा. नैराश्य हलकं होतं, झोप सुधारते, दम वाढतो, हृदयाला फायदा होतो. नुसत्या व्यायामानं वजन फार उतरत नाही, त्याला खाण्याकडंही बघावं लागतं. आणि आजार मुळापासून जात नाही. जो म्हणेल प्राणायामानं स्किझोफ्रेनिया घालवतो, गोळ्या फेका, त्याला देवऋष्याच्याच रांगेत उभा करा.

ही गोष्ट आपल्याला परकी असायचं कारण नाही. बुद्धाच्या संघात चंक्रमण होतं, म्हणजे येरझाऱ्या घालत चालणं. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे मोजलेत. प्रवास सोसतो, उद्योगाला बळ येतं, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, एकाग्रता टिकते. आणि विनयात गग्ग नावाच्या भिक्षूची हकीगत आहे. त्याला वेड लागलं होतं. वेडाच्या भरात त्यानं जे केलं त्याचा दोष संघानं त्याच्यावर ठेवला नाही. त्याला संघात ठेवून नियम वाकवला.

आपल्याकडं सोय किती? राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं : येरवड्याला २५४० खाटा, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५. लासुर्ण्याहून येरवडा शंभर किलोमीटरच्या वर. शहरांत काही चांगली कामं उभी राहिली. ठाण्याची आय. पी. एच., पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना कर्जतला नेऊन बरं करते आणि घरी पोचवते, त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. पण घरी पोचल्यावर पुढं काय? पुढं गाव आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. त्यातला समाज म्हणजे आपणच.

म्हणून कार्यकर्त्यांना काही ठोस सांगतो. सुरू करायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, रक्तदाब, साखर बघून घ्या. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासा, आणि डॉक्टर 'मनाचं आहे' म्हणाला तर तिथनं हलू नका. दहा मिनिटांपासनं सुरू करा. इंदापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. या आजारातल्या बऱ्याच गोळ्यांनी उष्णता सोसायची ताकद कमी होते, म्हणून सकाळ नाहीतर संध्याकाळ, आणि पाणी बरोबर. लिथियम चालू असेल तर जास्तच जपा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं आणि विषबाधा होऊ शकते. काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब पडतो, चक्कर येते, तेव्हा सावकाश उठवा. पायात धड चप्पल-बूट असू द्या, साखर असलेल्याच्या पायाची जखम भरत नाही. चालणं जमलं की व्हॉलीबॉल खेळा, लेझीम घ्या. टिंगल करणाऱ्याला तिथंच अडवा. घरचं माणूस थकलं तर सरकारचा टेलीमानस नंबर आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासनं चालू आहे. तो घरोघरी लिहून द्या.

हे काम फोटो काढण्यासारखं नाही. यात घोषणा नाही, मोर्चा नाही. एका माणसाबरोबर संध्याकाळी अर्धा तास चालायचं एवढंच. पण पिढ्यान्पिढ्या ज्यांचं अंग दुसऱ्याच्या हुकमावर हललं, त्यांच्यातल्या एखाद्यानं 'चल, आज जरा लांब जाऊ' असं आपल्या तोंडानं म्हणावं, हे मला कमी वाटत नाही. तुमच्या वस्तीत असा कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या बैठकीत त्याचं नाव चारचौघांत घेऊ नका. त्याच्या घरी जा.